एअर इनटेक बदलून गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर इनटेक म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट: फिल्टर, त्याचा डबा, पाइप. खालची उत्तरं मुख्यतः इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल गाड्यांसाठी आहेत, म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी. डिझेल आणि सीएनजीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे घेतलं आहे.

इंजिनाला हवा लागते तरी किती?

आपल्या अंदाजापेक्षा खूपच जास्त. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे लिटरमागे अकरा किलो हवा. आकारमानात मोजली तर नऊ हजार लिटरच्या वर.

आता लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० ने चालली आहे असं धरा. तासाला चार लिटर पेट्रोल, म्हणजे सेकंदाला साधारण दहा लिटर हवा. हेच १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमवर पूर्ण ताकदीने पळवलं तर त्याला सेकंदाला पन्नासहून अधिक लिटर हवा लागते. फिल्टर, पाइप, डबा हे सगळं कंपनीने त्या पन्नासच्या हिशेबाने बनवलेलं असतं. रोजच्या चालवण्यात आपण त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा वापरतो. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतच आहेत.

मग जास्त हवा आत सोडली तर अ‍ॅव्हरेज वाढायला नको का?

नको, कारण पेट्रोल इंजिनात हवा कमी पडत नसते. ती मुद्दाम अडवलेली असते.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आपण पेट्रोल सोडत नाही. आपण थ्रॉटलची झडप उघडतो, हवा आत जाते, सेन्सर तिचं मोजमाप घेतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल देतो. शहरात चालताना ही झडप बरीचशी मिटलेलीच असते. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत), दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्यावर येतो. पिस्टनला प्रत्येक वेळी खाली येताना या निर्वाताशी झगडत हवा ओढावी लागते. या झगड्यात जी ताकद वाया जाते तिला पंपिंग लॉस म्हणतात. हळू, रमतगमत चालणाऱ्या पेट्रोल गाडीच्या इंधनातला मोठा हिस्सा तिथे जातो.

आता फिल्टर किंवा पाइप बदलणारा काय करतो? झडपेच्या अलीकडचा रस्ता रुंद करतो. खाली नळाची तोटी आवळलेलीच ठेवायची आणि वर टाकीचा पाइप मोठा बसवायचा, तसा हा प्रकार. सरळ चाललेल्या गाडीत स्वच्छ फिल्टरमधून जाताना हवेचा दाब अर्ध्या किलोपास्कलनेही उतरत नाही (बाहेरच्या हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो). झडप मात्र पन्नास-साठ किलोपास्कल खाऊन बसलेली असते. त्यात अलीकडचा अडथळा शून्य केला तरी तुमचा पाय नकळत केसभर मागे येतो, झडप तेवढी मिटते आणि हिशेब तिथल्या तिथे राहतो.

पूर्ण थ्रॉटलला गोष्ट वेगळी. झडप सताड उघडी असताना अलीकडचा अडथळा खरोखर जाणवतो आणि मोकळ्या इनटेकने थोडी ताकद वाढू शकते. पण ती ताकद झाली. अ‍ॅव्हरेजचा तिच्याशी संबंध नाही, आणि पूर्ण थ्रॉटलने चालवणाऱ्याने अ‍ॅव्हरेजची चौकशीही करू नये.

हे मला माझ्या गाडीत बघता येईल का?

येईल. ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटला, लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप पुरतं. त्यात मॅनिफोल्ड प्रेशर किंवा एमएपी नावाचा आकडा शोधा. बहुतेक गाड्यांत तो मिळतो.

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. मुंबईत आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. ही झाली बाहेरची हवा. आता स्टार्टर मारा. आकडा धाडकन खाली येतो आणि आयडलिंगला तीस-पस्तीसवर स्थिरावतो. एसी लावला की थोडा चढतो. मग शेजारी बसणाऱ्याच्या हातात मोबाइल द्या आणि सपाट रस्त्यावर ताशी ५० ने आधी तिसऱ्या, मग चौथ्या गिअरमध्ये चाला. वेग तोच, पण चौथ्यात आकडा वर गेलेला दिसेल. झडप जास्त उघडली, पिस्टनची ओढाताण कमी झाली. पैसा न लावता होणारी इनटेकची सुधारणा ती हीच.

एअर फिल्टर चोक झाला की अ‍ॅव्हरेज पडतं, असं गॅरेजवाला सांगतो. खरं की खोटं?

जुन्या गाडीसाठी खरं, नव्या पेट्रोल गाडीसाठी जवळजवळ खोटं.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये यावर अहवाल दिला होता. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोक करून त्या रोलरवर चालवल्या. इंधनाच्या खपात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो. फरक पडला तो पिकअपमध्ये. जोरात वेग घेताना स्वच्छ फिल्टरची गाडी ६ ते ११ टक्के सरस ठरली.

त्याच चाचणीत १९७२ सालची कार्ब्युरेटरवाली गाडीही होती आणि तिच्यात मात्र चोक फिल्टरने खप वाढला. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा जुना भाग, त्याला डोकं नसतं. हवेची वाट अडली की तो प्रमाणापेक्षा जास्त पेट्रोल ओढतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी, जुन्या अँबॅसिडर, पहिल्या मारुती ८०० यांच्या काळात ‘फिल्टर साफ कर, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला अगदी बरोबर होता. गाड्या बदलल्या, सल्ला तोच राहिला.

म्हणजे फिल्टर बदलायचाच नाही?

बदलायचा, पण इंजिनाच्या आयुष्यासाठी. धुळीतली वाळू सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासत नेते. रिंगा गेल्या की ऑइल जळतं, कॉम्प्रेशन उतरतं, आणि तेव्हा मात्र अ‍ॅव्हरेज खरोखर पडतं. कायमचं.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांचं मॅन्युअल चांगल्या रस्त्यांवर ४०,००० किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतं, धुळीच्या भागात बरंच आधी. आपल्याकडे खडी क्रशर, ऊसतोडणीच्या हंगामातले कच्चे रस्ते, वर्षानुवर्षं चालणारी रस्त्याची कामं हे सगळं ‘धुळीचा भाग’ या सदरातच मोडतं. किलोमीटर मोजण्यापेक्षा डबा उघडून बघणं सोपं. चार क्लिपा किंवा चार स्क्रू असतात. आत कागदाच्या घड्यांमध्ये साचलेली मऊ तपकिरी धूळ, दोन-चार माशा, कडुलिंबाची पानं, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदराने आणून ठेवलेल्या कापसाचं बिछानंही सापडतं. कागदाला भोक दिसलं तर त्याच दिवशी बदला.

हवा मारायची असेल तर कमी दाबाने आणि आतल्या बाजूने बाहेर. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. पंक्चरवाल्याकडच्या नोझलने पूर्ण दाबाने मारली तर कागद फाटतो. काही गाड्यांत तेलकट, ओलसर कागदाचा फिल्टर येतो. त्याला हवा मारायचीच नसते, थेट बदलायचा असतो. आणि फिल्टर काढून ठेवून गाडी चालवण्याचा विचार कोणी सुचवला असेल तर ते गॅरेज बदला.

धुता येणारा कॉटनचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर घ्यावा का?

अ‍ॅव्हरेजसाठी नाही. कारण वर आलं आहेच. शिवाय तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवेबरोबर उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. सेन्सर चुकीचं मोजतो, मग पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. पैसे देऊन अ‍ॅव्हरेज कमी करून घेण्याचा हा मार्ग आहे.

पाइपमध्ये बसवायची, हवेला फिरकी देणारी जाळी मिळते. तिचं काय?

ती घेऊ नका. पंख्याच्या पात्यांसारखी ती पत्र्याची चकती पाइपात बसते आणि विक्रेता सांगतो की हवा गोल फिरत आत गेली की पेट्रोल चांगलं मिसळतं. हवा फिरती हवी हे खरं आहे, पण ती सिलिंडरच्या आत, ठिणगी पडण्याच्या वेळी. पाइपात दिलेली फिरकी थ्रॉटलच्या झडपेवर आपटते, पुढे मॅनिफोल्डच्या वळणांत शिरते आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचेतो विरून जाते. मागे राहतो तो फक्त चकतीचा अडथळा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणं तपासली आहेत. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही त्यांना मिळालं नाही.

थंड हवा चांगली की गरम?

इथे लोक ताकद आणि अ‍ॅव्हरेज यांची गल्लत करतात. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून ताकद जास्त. १५ अंशांच्या हवेपेक्षा नागपूरची ४५ अंशांची हवा साधारण नऊ-दहा टक्के विरळ असते. मे महिन्यात ओव्हरटेक करताना गाडी जड वाटते त्याचं एक कारण हे, दुसरं कारण एसी.

अ‍ॅव्हरेजच्या बाजूने बघितलं तर उलटं घडतं. हवा विरळ असली की तेवढीच ताकद काढायला झडप जास्त उघडावी लागते आणि पंपिंग लॉस थोडा कमी होतो. परदेशातले काही हौशी लोक याच कारणाने इंजिनाजवळची गरम हवा मुद्दाम आत घेतात. आपल्याकडे तो उद्योग करू नका. आधीच हवा तापलेली असते, ती आणखी तापवली की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खटखट) व्हायला लागतं, ईसीयू ठिणगी मागे घेतो आणि वाचलेलं पेट्रोल दुसऱ्या दाराने जातं.

मग कंपन्या इनटेकच्या डिझाइनने अ‍ॅव्हरेज वाढवतात ते कसं?

खरं काम थ्रॉटलच्या पलीकडे आहे: मॅनिफोल्ड, पोर्ट (मॅनिफोल्डपासून व्हॉल्व्हपर्यंतची वाट) आणि व्हॉल्व्ह. मिस्त्रीचा पाना तिथवर जात नाही, म्हणून बाजारात त्याची किटं मिळत नाहीत.

सगळ्यात प्रभावी युक्ती म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करणं. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. आत घेतलेल्या हवेतली काही परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. सिलिंडरमध्ये हवा कमी उरते, पण ती झडप मिटून कमी केलेली नसते, त्यामुळे निर्वाताशी झगडा नाही. शिवाय दाबण्याचा प्रवास छोटा आणि जळाल्यानंतर फैलावण्याचा प्रवास पूर्ण लांबीचा, म्हणून प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये हा परिणाम दांड्यांच्या किचकट जोडणीने साधला होता. टोयोटाने १९९७ च्या प्रियसमध्ये तो व्हॉल्व्हच्या वेळेवर आणून सोपा केला. याची किंमत म्हणजे खालच्या आरपीएमला जोर कमी पडतो. हायब्रिडमध्ये ती उणीव इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं २७.९७ किलोमीटरचं प्रमाणित अ‍ॅव्हरेज ज्या १.५ लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनावर उभं आहे, ते याच पद्धतीने चालतं. त्या आकड्यात बॅटरी आणि मोटरचा वाटा मोठा आहे, हेही सांगायला हवं.

बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. व्हॅल्व्हट्रॉनिकमध्ये इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा हेच कमीजास्त करतात. हवेचं नियंत्रण व्हॉल्व्हवरच होत असल्यामुळे नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटलची झडप उघडीच राहते. कल्पना सुरेख, पण यंत्रणा महाग. म्हणून छोट्या गाड्यांत ती फारशी उतरली नाही.

पोर्टचा आकार ही तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. व्हॉल्व्हपाशी येणारी हवा सिलिंडरमध्ये उभी लोळण घेत गेली तर मिश्रण पटकन आणि पूर्ण जळतं. याला टंबल म्हणतात. जळण वेगवान झालं की कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण) वाढवता येतो आणि जळालेला वायूही जास्त प्रमाणात परत आत फिरवता येतो. अडचण अशी की लोळण वाढवणारा पोर्ट सहसा हवा कमी जाऊ देतो. टोयोटाने २०१७ च्या कॅम्रीच्या अडीच लिटर इंजिनात व्हॉल्व्हची बैठक लेझरने थेट धातूवर चढवली. वेगळी रिंग दाबून बसवायची गरज उरली नाही, त्यामुळे पोर्ट सरळ ठेवता आला आणि लोळण व हवा दोन्ही मिळाली. त्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्के आहे, हायब्रिडमध्ये ४१. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा फार मोठा आहे. २०२४ च्या स्विफ्टमधल्या तीन सिलिंडरी इंजिनाचा भरही असंच जळण वेगवान करण्यावर आहे.

मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबीही जुळवलेली असते. व्हॉल्व्ह बंद झाला की नळीत दाबाची लाट मागेपुढे धावते. ती नेमकी पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना परत पोचली तर हवा आपोआप ढकलली जाते. लांब नळी कमी आरपीएमला जुळते, आखूड नळी जास्तला. खालच्या आरपीएमला जोर मिळाला की चालक लवकर वरचा गिअर टाकतो, आणि अ‍ॅव्हरेजचा फायदा तिथून येतो.

काही गाड्या गरज नसताना सिलिंडरच बंद करतात. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाकच्या १.५ लिटर टर्बो इंजिनात हलक्या चालवण्यात मधले दोन सिलिंडर झोपतात. उरलेल्या दोघांना दुप्पट काम पडतं, म्हणून झडप जास्त उघडते. फिरून मुद्दा तोच.

इनटेकच्या पाइपला जोडलेला रिकामा डबा काढून टाकला तर?

तो रेझोनेटर. हवेची घरघर दाबायला बसवलेला असतो. काढला की आवाज दमदार होतो, चालवणाऱ्याला गाडी पळते आहे असं वाटतं आणि पाय आणखी दाबला जातो. बाकी काही नाही.

इनटेकचा पाइप फाटला किंवा क्लिप सैल झाली तर अ‍ॅव्हरेज पडतं का?

पडू शकतं. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्याजवळ असेल आणि पाइप त्याच्या पुढे फाटला असेल, तर न मोजलेली हवा आत जाते. आयडलिंग वरखाली होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. डोंगल असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती, बघा. निरोगी गाडीत तो शून्याच्या आसपास पाच टक्क्यांत असतो. दहाच्या वर सतत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा सेन्सर घाण झाला आहे. रबराच्या पाइपच्या घडीतली चीर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पाइप हाताने वाकवून बघावा लागतो.

थ्रॉटल बॉडी साफ करण्याचा फायदाही याच जातीचा. आयडलिंग सुधारतं, सिग्नलवर गाडी बंद पडायची थांबते. त्याने लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

डिझेलला हे सगळं लागू आहे का?

नाही. डिझेलमध्ये ताकद हवेने नाही, डिझेलच्या मात्रेने ठरते. हवा मोकळी आत येते, त्यामुळे पंपिंग लॉस मुळातच कमी. डिझेल जास्त अ‍ॅव्हरेज देतं त्याचं हे एक मोठं कारण. पण म्हणूनच फिल्टर चोक होणं किंवा टर्बोचा पाइप फाटणं डिझेलला जास्त लागतं. हवा कमी पडली की जळण अपुरं होतं, मागून काळा धूर येतो आणि खप वाढतो. ताम्हिणीच्या चढावर डिझेल गाडी अचानक दमायला लागली, आणि बॉनेटखालून सूं असा आवाज आला, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपच्या क्लिपा आधी तपासा.

आणि सीएनजीला?

गॅस स्वतःच जागा खातो. मिश्रणात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास गॅस असतो, तेवढी हवा कमी शिरते, म्हणून पिकअप थोडा कमी. कंपनीच्या सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला मोजून गॅस देणाऱ्या) किटमध्ये फिल्टरचा नियम पेट्रोलसारखाच. जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये मात्र चोक फिल्टरने खप वाढतो, कार्ब्युरेटरसारखाच.

बाहेरची थंड हवा घेणारं कोल्ड एअर इनटेक खाली बंपरमागे बसवलं तर काय धोका?

पावसाळा. कंपनी हवेचं तोंड बॉनेटच्या कडेला, हेडलाइटच्या वर ठेवते ते उगीच नाही. तोंड खाली आलं की गुडघाभर पाण्यात इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मूळ जागेवर इनटेक असलेल्या गाड्याही वाचल्या नाहीत. आणखी एक: साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. त्यात तुम्ही इनटेक बदललेलं सर्व्हेअरला दिसलं की वादाला निमित्तच मिळालं.

बदल केला तर फरक पडला की नाही, हे कसं ओळखायचं?

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर आणि एका टाकीवर विश्वास ठेवू नका. एकाच पंपावर, एकाच मशीनवर, पहिल्या कटला थांबून टाकी फुल करा, नेहमीच्याच रस्त्यावर टाकी संपत आली की परत तशीच भरा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. अशा पाच-सहा टाक्या बदलाआधीच्या आणि तितक्याच नंतरच्या हव्यात. दरम्यान टायरमधली हवा तीच ठेवा, आणि मे महिन्याची तुलना डिसेंबरशी करू नका. एसीचा फरकच कुठल्याही फिल्टरच्या फरकाला गिळून टाकतो. गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेतले प्रमाणित आकडेही बंद खोलीत, रोलरवर, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या वेगांच्या क्रमाने काढलेले असतात. एक टक्क्याचा फरक पकडायचा तर तेवढा काटेकोरपणा लागतो.